लाल पेन घरी ठेवून ये

शनिवारचा कथेचा तास आता मी घेते, असं तू म्हणालीस आणि मी लगेच हो म्हटलं. रात्री मात्र झोप लागेना. तास हातचा गेला याचं फार दुःख झालं असंही नाही. सव्वीस वर्षं घेतला, आता गुडघे दोन जिने चढू देत नाहीत. काळजी वेगळीच होती. तू एम. ए., बी. एड. झालेली. कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, संघर्ष, सगळं तुला तोंडपाठ. पहिल्याच शनिवारी तू ते फळ्यावर लिहून काढशील आणि मुलं वहीत उतरवून घेतील. नको लिहूस. निदान दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तरी नको.

दहावीला उपयोजित लेखनात कथालेखन असतं, ते खातं वेगळं ठेव. मुद्दे देतात, शीर्षक देतात, अर्धी गोष्ट देऊन पुरी करायला सांगतात. ते शिकवायला दोन तास पुरतात, मार्कही मिळतात, त्यात वाईट काही नाही. पण त्या गोष्टीतला लाकूडतोड्या मुलांनी कधी पाहिलेला नसतो आणि शेवटी तात्पर्य लिहिलं की सगळे मोकळे. शनिवारी वर्गात आल्यावर पहिली सूचना हीच द्यायची, तात्पर्य लिहायचं नाही. दुसरी, शेवटी ‘आणि मला जाग आली’ असं करायचं नाही. एवढ्यावरच अर्धा वर्ग गप्प बसतो, कारण त्यांच्याकडचे दोन्ही शेवट आपण काढून घेतलेले असतात. ती शांतता मोडू नकोस. तिथूनच तास सुरू होतो.

पहिले तीन-चार शनिवार वर्गात बसूच नको. घाटावर ने. आपल्या वाईतल्या प्रत्येक पोराला पाठ असतं की ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. पायरीवर कोण बसलंय, ते मात्र कुणालाच दिसत नाही. देवळाविषयी एक अक्षर लिहायचं नाही, एवढी अट घाल. अर्धा तास बसा आणि कानावर पडेल तेवढंच लिहा. ‘रम्य पहाट’, ‘खळखळ वाहणारी कृष्णामाई’, ‘आल्हाददायक वारा’ ही निबंधाच्या पुस्तकातली मंडळी पहिल्या वेळी येणारच. रागावू नकोस. मी विचारत असे, ‘आल्हाददायक म्हणजे कसा रे? अंगावर घेऊन दाखव.’ मग कुणीतरी सांगायचं की बाई, वाऱ्याला धुण्याच्या साबणाचा वास येतोय. बस्स, तेच लिही.

एस. टी. स्टँडवरही ने, पण दहाच्या वर मुलं एका वेळी नकोत. कंट्रोलरची खिडकी, पाचगणीची गाडी लागल्यावर होणारी पळापळ, पिशवी आधी आत टाकून जागा धरणाऱ्या बायका. एका मुलीनं फक्त एक वाक्य ऐकून आणलं होतं. एक म्हातारा फोनवर म्हणत होता, ‘न्हाय, न्हाय, मी घरीच हाय.’ स्टँडवर उभा राहून! त्या एका वाक्यावर वर्गात चार वेगवेगळ्या गोष्टी तयार झाल्या. तो शनिवार मला अजून आठवतो.

आता हळदीची गोष्ट. फेब्रुवारीत आपल्याकडे हळद निघते, शिजवतात, अंगणभर वाळत घालतात. त्या दिवसांत नववीतली एक मुलगी गोष्ट लिहून घेऊन आली. नायिका होती रिया, ती मुंबईच्या विसाव्या मजल्यावर राहत होती आणि तिच्या वाढदिवसाला केक उशिरा आला होता. वही पुढे करणाऱ्या हाताचे तळवे पिवळेधमक होते. मी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘हे किती दिवस जात नाही गं?’ ती लाजली, हात मागे घेतले. मग हळूहळू सांगायला लागली. साबणानं जात नाही. मामाच्या लग्नात फोटोत हात दिसू नयेत म्हणून आई पदराखाली हात घेऊन उभी राहिली होती. मी म्हटलं, ‘हे लिहिशील?’ ती म्हणाली, ‘बाई, ही काय गोष्ट आहे का?’

अगं, हे वाक्य तुला दर वर्षी ऐकू येईल. आपल्या घरातलं, आपल्या गल्लीतलं काही गोष्टीत घालायच्या लायकीचं असतं, यावर मुलांचा विश्वासच नसतो. त्यांच्या पात्रांची नावंही त्यांच्या गल्लीतली नसतात. तुझं निम्मं काम एवढंच, ‘हो, हीच गोष्ट आहे’ असं सांगणं. मग त्या मुलीनं दोन पानं लिहिली. आईचे हात दिसणारा एक फोटो नायिका शोधत राहते, एवढीच गोष्ट. फोटो सापडतो की नाही हे तिनं लिहिलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

भावनांचं नाव घ्यायचं नाही, हा खेळ जरूर खेळ. ‘आजीला वाईट वाटलं’ असं मुलानं लिहिलं की विचार, तुला कसं कळलं? काय केलं तिनं? एकानं सांगितलं होतं की आजीनं भाकरी दोनदा मोडली, कुस्करली आणि ताट तसंच सरकवलं. आता ‘वाईट वाटलं’ हे शब्द खोडायला तुला सांगावं लागत नाही, तो स्वतःच खोडतो. राग, भीती, लाज, सगळ्यांचं हेच. फक्त अति करू नकोस. एका वर्षी माझ्या वर्गातली सगळीच पात्रं सारखी ओठ चावायला आणि मुठी आवळायला लागली होती. मग मला सांगावं लागलं की कधीकधी ‘तो रडला’ एवढंही पुरतं.

भाषेचं सांगते. निवेदनात शुद्धलेखन तपास, तो आपला धर्म आहे. पण पात्राच्या तोंडचं ‘आलतो’, ‘गेलतो’, ‘लई’, ‘व्हय’ सुधारायला जाऊ नकोस. ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली पुस्तकरूपात आलं. त्यातली माणसं माडगूळकरांनी पुण्याची केली असती तर आज कोण वाचतं? धनगराच्या, वडाराच्या, गावाबाहेरच्या वस्तीतल्या मुलाला तू बोलीवरून एकदा टोकलंस की तो वर्षभर तोंड उघडत नाही, आणि वर्गातली सगळ्यांत चांगली गोष्ट नेमकी त्याच्याकडे असते. उलट खेड्यातलं पात्र म्हणून शहरातली मुलं उगीच ‘काय वं पाव्हणं’ छाप बोलायला लागतात, ते मात्र थांबव. ते सिनेमातून आलेलं असतं.

माहिती तपासायची सवय लाव. विश्वकोशाचं कार्यालय आपल्याच गावात आहे. मुलांना एकदा तिथे घेऊन जा आणि नुसत्या एका नोंदीमागे किती माणसांचे हात लागतात ते दाखव. पण बहुतेक वेळा इतकं लांब जावंच लागत नाही. एकानं ऊसतोडीची गोष्ट ज्येष्ठातल्या पावसात घडवली होती. मी म्हटलं, घरी जाऊन विचार. सोमवारी येऊन म्हणाला, ‘बाई, आजोबा लई हसले. म्हणाले, दिवाळीच्या आसपास टोळ्या येतात आणि उन्हाळ्यात परत जातात, ज्येष्ठात कोण तोडतंय ऊस?’ त्यानं पाऊस काढून थंडी घातली, आणि थंडीबरोबर पाचटाची शेकोटी आपोआप आली. चूक दुरुस्त करताना गोष्टीला काहीतरी जास्तीचं मिळतं, हे त्याला माझ्या सांगण्यानं कळलं नसतं.

आता लाल पेनाचं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझी तिसरी की चौथी कथा एका मासिकाकडून परत आली होती. तेव्हा ‘साभार परत’चा छापील कागद यायचा. या वेळी सोबत पोस्टकार्ड होतं. संपादकांनी एकच ओळ लिहिली होती, ‘सून माहेराहून परत येते तेव्हा दार कोण उघडतं?’ सल्ला नाही, दुरुस्ती नाही. मी आधी चिडले. दाराचा काय संबंध? मग आठवडाभर भाजी चिरताना, वह्या तपासताना ते दारच डोळ्यांपुढे. सासू उघडते तर एक गोष्ट होते, नवरा उघडतो तर दुसरी. शेवटी मी दार उघडंच ठेवलं. घरात कुणी नाही, चुलीवर दूध उतू गेलेलं. ती कथा छापून आली, आणि लिहिण्याचा आनंद काय असतो ते मला तेव्हा कळलं. छापून येण्याचा म्हणत नाहीये मी. उतू गेलेलं दूध मी ठरवलेलं नव्हतं. लिहिता लिहिता वास आला.

इतकं चांगलं माझ्या वाट्याला आलं होतं, आणि तरी मी काय केलं बघ. कथेच्या तासाचं दुसरंच वर्ष. आठवीतला एक मुलगा, बाप गवंडीकाम करायचा. त्यानं एका भिंतीची गोष्ट लिहिली. बाप दिवसभर भिंत बांधतो, संध्याकाळी मालक ओळंबा लावून बघतो आणि पाडायला सांगतो. गोष्ट ओबडधोबड होती, वाक्यं एकमेकांवर चढलेली, मधेच काका येऊन निघून जायचा. आंतरशालेय स्पर्धा जवळ आली होती. मी ती गोष्ट घरी नेली, लाल पेन घेतलं आणि रात्री दोनपर्यंत बसले. काका काढला. सुरुवात बदलली. शेवटी बाप पाडलेल्या विटा पुन्हा रचून ठेवतो असं घातलं, आणि माझं मलाच डोळ्यांत पाणी आलं. गोष्टीला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं. शाळेत सत्कार झाला. मी पुढच्या शनिवारी त्याला म्हटलं, ‘आता नवीन लिही.’ तो म्हणाला, ‘बाई, ती तुमची गोष्ट होती.’ रागानं नाही म्हणाला, अगदी सरळ. त्यानंतर तो तासाला आला नाही. मराठीच्या पेपरात सोडून त्यानं कधी काही लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

बऱ्याच वर्षांनी त्याचा मूळ खर्डा मी पुन्हा वाचला. काका मधेच येऊन जातो तो बापाकडे पैसे मागायला येतो, आणि बाप भिंत पाडायला निमूट का तयार होतो ते त्या काकामुळेच कळतं. मी गोष्टीचा कणाच काढून टाकला होता आणि वर शेवटाला झालर लावली होती.

म्हणून सांगते, पेन्सिल घे. तीही समासात. आणि समासात फक्त प्रश्न. ‘इथे किती वाजलेत?’ ‘हा कुठून आला?’ ‘तिनं हे ऐकलं का?’ ‘त्या घरात मोरी कुठे आहे?’ एका गोष्टीला तीनपेक्षा जास्त प्रश्न नकोत. उत्तर तुला माहीत असेल तर तो प्रश्न विचारूच नकोस, कारण मूल तुझ्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखतं आणि तेच लिहितं. हे जमायला मला पाच-सहा वर्षं लागली. अजूनही हात शिवशिवतात.

गोष्टी वर्गात वाचायच्या तेव्हा नावं काढून टाक. हुशार मुलाचं नाव दिसलं की वर्ग आधीच वाहवा करतो आणि मागच्या बाकावरच्याला आधीच हसतो. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण त्यांना गोष्टीचं गोष्ट म्हणूनच माप हवं होतं. पहिलं बक्षीस मिळालं, मग नाव उघड झालं. हा किस्सा मुलांना फार आवडतो. सांगून झाल्यावर सगळ्यांना टोपणनाव घ्यायला सांग. पुढचे दोन शनिवार वर्गात नुसती धमाल असते.

वाचन मोठ्यानं, उभं राहून, ज्याचं त्यानं. माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन करून गोष्ट पुन्हा लोकांच्या कानांपर्यंत नेली. मिरासदार तर आपल्याच पेशातले, शिक्षक. मोठ्यानं वाचताना जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य दुरुस्त करायचं, आणि जिथे बाकांखाली पाय हलायला लागतात तिथला परिच्छेद उडवायचा. पायांकडे बघायला मुलांना शिकव. चेहरे खोटं बोलतात, मैत्रिणीसाठी तर हमखास.

आता जरा अवघड गोष्ट. घरातलं लिही म्हटलं की एखादं मूल खरंच घरातलं लिहितं. बापाचं पिणं, आईचा मार, आणखी काही. अशी वही हातात आली तर ती वर्गात वाचायची नाही. ‘छान लिहिलंस’ असंही पटकन म्हणायचं नाही, कारण मग पुढच्या वेळी ते मूल तुला आवडावं म्हणून दुःख शोधायला लागतं. मी ते पाहिलंय. आधी त्याला एकट्याला बोलवायचं, विचारायचं की हे मी गोष्ट म्हणून वाचावं म्हणून दिलंस की मला कळावं म्हणून दिलंस. कळावं म्हणून असेल तर त्या क्षणी कथेची बाई राहायचं नाही. मुख्याध्यापकांकडे जायचं, गरज पडली तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर फिरवायचा. गोष्ट पुरी नाही झाली तरी चालेल.

फोनवरून तयार गोष्टी येतील, येताहेतच. गेल्या वर्षी तीन आल्या, तिन्ही गुळगुळीत, तिन्हींत आजीचा जुना पेटारा. ओरडून उपयोग नाही. मोरी कुठे आहे ते विचार. सांगता आलं नाही की मूल स्वतःच हसतं. त्यानंतर वीस मिनिटं वर्गात, हातानं, शेजाऱ्याच्या चपलेविषयी लिहायला लाव.

पुस्तकांचं म्हणशील तर फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ तू वाच. १९३१ चं आहे, कथेच्या तंत्राबद्दल इतकं नेटकं लिहिलेलं मराठीत कमीच. पण मुलांना देऊ नकोस, ती लगेच नियम पाळायला लागतात. मुलांना गोष्टीच दे. बाबुराव बागूल दे, जी. ए. थोड्या मोठ्यांना दे. समजलं का असं विचारू नकोस.

आणि तुझं स्वतःचं लिहिणं. यावर तू काही बोलली नाहीस, म्हणून मला शंका आहे. जी. ए. धारवाडला वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत होते आणि लिहीतही होते. तेव्हा वह्या तपासायच्या असतात, स्वयंपाक असतो, ही कारणं मला सांगू नकोस, मी ती सगळी वापरून झालेली आहे. माझा वेळ पहाटे पाच ते सहा. दूधवाला यायच्या आत एक पान. कधी चार ओळी. पण त्या तासाभरात कुणीतरी माणूस आपल्या मनाविरुद्ध वागायला लागतो आणि आपण त्याच्यामागे धावतो, त्याची बरोबरी दुसऱ्या कशाला नाही. महिन्यातून एकदा तुझा कच्चा खर्डा, चांगला नव्हे, कच्चा, वर्गाला वाचून दाखव आणि त्यांना तीन प्रश्न विचारू दे. माझ्या एका कथेतला पोस्टमन कोणत्या पायात लंगडतो हे मला सातवीतल्या पोरानं विचारलं होतं. दोन ठिकाणी दोन पाय होते.

मुलांच्या गोष्टी बाहेरही पाठव. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, तिथे मुलांनी लिहिलेलं घेतात. दिवाळी अंकांना पाठवायचं तर पाऊस सुरू व्हायच्या सुमारासच पाठवायचं, नवरात्रात पाठवून उपयोग नाही. ‘मनोरंजन’नं १९०९ साली दिवाळी अंक काढल्यापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीला संपतं, तेही मुलांना सांग. पाठवताना मूळ प्रत घरी ठेवायला लाव. परत आलेल्या गोष्टींसाठी वर्गात एक खोका ठेव, आणि पहिली गोष्ट तुझी टाक.

किल्ली शिपाईमामांकडे आहे. कपाटाच्या खालच्या खणात वर्षवार वह्या लावल्यात, त्या टाकू नकोस. मुलं लग्नानंतर, नोकरी लागल्यावर मागायला येतात. भिंतीच्या गोष्टीचा खर्डा मात्र त्यात नाही, तो माझ्याकडे आहे. त्या मुलाचं आता बायपासला टू-व्हीलरचं गॅरेज आहे. मी दोनदा वही घेऊन गेले. एकदा पंक्चर काढून आले, एकदा ऑइल बदलून. वही पिशवीतून बाहेर निघालीच नाही. येत्या शनिवारी तास संपला की घरी ये, आपण दोघी मिळून जाऊ. गाडी तुझी घे, माझी आता चांगली चालते.